स्पा नंतर, आधी पाण्याचं बोला!

फोन सायलेंट, लॅपटॉप बंद, समोर धुक्याने भरलेली दरी आणि हातात कॉफीचा मग! वीकेंडचा हा ड्रीम सीन आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात कुठेतरी सेव्ह असतोच. म्हणून तर ‘इको’ आणि ‘वेलनेस’ हे दोन शब्द लावले की रिसॉर्टचं भाडं वाढतं. पण असं ठिकाण खरंच निसर्गाला धरून बांधायचं, तर सुरुवात कुठून करायची? हा हिशोब मांडायला मी आमच्या वऱ्हाडातलं चिखलदरा निवडलंय.

अमरावतीहून परतवाडा गाठायचं आणि पुढे घाट चढायचा. उंची सुमारे १,११८ मीटर. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून हा ‘कीचकदरा’, अशी दंतकथा. जवळच गाविलगड, भोवती १९७४ पासूनचा मेळघाट व्याघ्र प्रकल्प. आणि हो, इथे चक्क कॉफी पिकते! म्हणजे ड्रीम सीनमधला मगसुद्धा लोकल.

जागा मे महिन्यात बघा

जुलैत इथे जिकडेतिकडे धबधबे. कोणीही प्रेमात पडेल आणि तिथल्या तिथे प्लॉटचा भाव विचारेल. पण पायाखाली बेसॉल्टचा कातळ आणि तीव्र उतार. पाणी मुरतं कमी, वाहून जातं जास्त. त्यामुळे इतका पाऊस पडूनही ‘उन्हाया’ लागला की तालुक्यातल्या कित्येक गावांवर टँकरची वाट बघायची वेळ येते. अशा डोंगरावर स्विमिंग पूल भरायचा तो कुणाच्या वाट्याच्या पाण्याने? रिट्रीटच्या डिझाइनमधला हा पहिला प्रश्न.

खोल्या किती? छपराला विचारा

समजा २० खोल्या, ४० पाहुणे. शहरातलं माणशी १३५ लिटरचं माप धरलं, तर रोज ५,४०० लिटर लागणार. गावासाठी सरकारी माप आहे माणशी ५५ लिटर. म्हणजे आपल्या वीकेंडचं पाणी जवळपास ९८ गावकऱ्यांच्या एका दिवसाचं!

आता दुसरी बाजू. १०० चौरस मीटर छपरावर १,००० मिलिमीटर पाऊस पडला की १ लाख लिटर पाणी. गळती, बाष्पीभवन वजा करून ८० हजार धरू. हाउसफुल रिट्रीट ते १५ दिवसांत संपवेल. पण सहाच पाहुणे ठेवले, तर मार्च ते मे आरामात निघतात. त्यासाठी ८ मीटर लांब, ५ मीटर रुंद, २ मीटर खोल अशी जमिनीखालची टाकी पुरे. थोडक्यात फंडा असा, की खोल्यांचा आकडा बँकेचं लोन नाही, छप्पर आणि टाकी ठरवणार. बाथटब आउट, बादली इन! आंघोळीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून झाडांना.

आर्किटेक्ट गावातच आहे

कोरकू वस्तीत समोरासमोर घरांच्या दोन रांगा असतात, मधे मोकळा रस्ता. बांबूच्या कुडाच्या भिंती, वर माती-शेणाचा लेप, कौलारू छप्पर. एसीची आठवण येऊ नये, असा सगळा थाट. धारणी तालुक्यातल्या लवादा गावात सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी १९९० च्या दशकात संपूर्ण बांबू केंद्र सुरू केलं. तिथे आदिवासी तरुण बांबूकाम शिकून कारागीर झाले. सिमेंटचे ट्रक घाट चढवण्यापेक्षा असं काम या हातांना दिलं, तर पैसाही मेळघाटातच राहतो.

जेवणाचंही तसंच. परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क मिळवून उजाड टेकडी हिरवी केली आणि तिथली सीताफळं बाजारात नेली. मग डेझर्ट दुसरं कशाला हवं? योगशिक्षक तर अमरावतीतच मिळतील. १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काय उगाच आहे?

अंधार हीसुद्धा फॅसिलिटी!

शंभरहून जास्त वर्षं नजरेआड असलेला रानपिंगळा १९९७ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा सापडला. मेळघाट हे त्याचं महत्त्वाचं घर. व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात नवी पर्यटन बांधकामं नकोत, असं २०१२ ची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पण हद्दीबाहेर डीजे लावला, तर आवाज थोडाच हद्दीवर थांबतो? दिवे कमी, खाली झुकलेले, पिवळसर. रात्री शांतता. तसंही आपण झोपायलाच आलोय ना!

बुकिंगआधी एवढं विचाराच

• मे महिन्यात पाणी कुठून येतं? टँकर असेल, तर कुठला?
• सांडपाणी कुठे जातं?
• स्टाफमध्ये आसपासच्या गावांतले किती आणि मॅनेजर कोण?
• रात्री दहानंतर दिवे आणि म्युझिक बंद होतं का?

समोरचा अडखळला, तर ब्रोशरमधल्या हिरव्या रंगावर जाऊ नका. तुमचा स्ट्रेस जावा म्हणून शेजारच्या गावाचा हंडा रिकामा राहणार असेल, तर त्याला वेलनेस कसं म्हणायचं?