खाडीकाठचे गाव आणि भरतीचे गणित
(लेखमाला : नवी मुंबईच्या आधी – लेखांक ४)

ठाणे खाडी आणि पनवेल खाडी यांच्या काठाने ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, जुहूगाव, वाशी, सारसोळे, करावे, दिवाळे अशी गावे वसलेली आहेत. वस्ती प्रामुख्याने आगरी आणि कोळी समाजांची. १९७० साली सिडको या शहर विकास महामंडळाची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी निश्चित झाल्या. त्याआधीचे गाव आता मुख्यतः जुन्या रहिवाशांच्या आठवणींत उरले आहे. त्या आठवणींत जिव्हाळा आहे, तसेच खाडीवर पोट भरण्याचे पक्के ज्ञानही आहे.

या गावांचे घड्याळ चंद्रावर चालत असे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाण्याला ओढ असते, म्हणून डोल जाळी तेव्हाच लावायची. अष्टमीच्या आगेमागे भांग येतो, ओढ मंदावते. ते दिवस जाळी विणण्या-सांधण्याचे. हे गणित पंचांग न उघडताही घरातल्या बायकांना तोंडपाठ असे, कारण ओहोटीत चिखलात उतरून शिवल्या, कालवे आणि खेकडे गोळा करण्याचे काम बहुधा त्यांचेच होते.

शेतीही खाडीशी जुळवून घेतलेली होती. मातीचे बांध घालून खारे पाणी अडवायचे आणि पावसाने धुतलेल्या खाजणात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत, भात घ्यायचे. बांधात उघाडी असे. ओहोटीला तिचे दार आतल्या पाण्याच्या दाबाने उघडून पावसाचे पाणी बाहेर जाई आणि भरतीला बाहेरच्या दाबाने ते मिटे. लावणीऐवजी अनेकदा मोड आलेले बियाणे चिखलात फेकून पेरत. बांधाला खांड पडली तर एकाचे नुकसान एकट्यापुरते राहत नसे. खारे पाणी सगळ्यांच्या शेतांत शिरे, म्हणून दुरुस्तीला गाव एकत्र उतरे. पाऊस संपून जमीन सुकली की मिठागरांचे काम सुरू होई आणि ते पुढच्या पावसापर्यंत चाले.

ऋतूनुसार ताट बदलत असे. पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेली चिवणी, एरवी बोय, कोळंबी, निवट्या, चिंबोऱ्या आणि सोबत तांदळाची भाकरी. पावसाळ्यात होड्या काठाला लागत तेव्हा सुकवलेला जवळा आणि बोंबील कामी येत. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ अर्पण करून नवा हंगाम सुरू होई.

हे जीवन टप्प्याटप्प्याने आटले. १९६०च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले आणि त्यांच्या सांडपाण्याने खाडीतली मासळी घटत गेली. पुढे सिडकोच्या भूसंपादनात भातशेती आणि मिठागरे गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जानेवारी १९८४च्या आंदोलनात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना याच लढ्यातून आली. १९९२ साली महानगरपालिका स्थापन झाली, रेल्वेही वाशीला पोहोचली, आणि गावे उंच इमारतींच्या मधोमध गावठाणे म्हणून उरली.

खाडीशी नाते मात्र पूर्ण तुटलेले नाही. दिवाळे आणि सारसोळे येथील कोळी आजही मासेमारीला जातात. खाडीच्या काही भागाला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिवरांचे रक्षण आता कायद्याने होते. भरतीची वेळ, जाळ्याची जागा, उघाडीची देखभाल हे ज्ञान मात्र बहुतांशी तोंडीच चालत आले आहे आणि ते जाणणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. ज्यांच्या घरात अशी माणसे आहेत, त्यांनी हे त्यांच्याकडून याच पावसाळ्यात विचारून लिहून घ्यावे.

(पुढील लेखांकात : मिठागरांची रचना आणि कामाची पद्धत)