पोषणपूरकांचे शासकीय नियमन आणि ग्रामीण किरकोळ विक्रेता : म्हसा परिसराच्या संदर्भात

गोषवारा :
प्रोटीन पावडर, जीवनसत्त्वांच्या गोळ्या, वजन वाढविणाऱ्या पावडरी यांसारखी पोषणपूरके आज ग्रामीण बाजारपेठेतही पोहोचली आहेत. त्यांचे नियमन अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ व त्याखालील विनियमांद्वारे होते. प्रस्तुत लेखात या नियमनाचे स्वरूप स्पष्ट करून, त्याचा मुरबाड तालुक्यातील म्हसा यांसारख्या गावातील छोट्या विक्रेत्यावर होणारा परिणाम तपासण्याचा प्रयत्न केला आहे. लहान विक्रेत्यासाठी नोंदणी मिळविणे तुलनेने सोपे आहे. त्याचे खरे संरक्षण पक्क्या बिलात आहे आणि त्याची खरी अडचण लेबलच्या भाषेत आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : पोषणपूरके, अन्न सुरक्षा, किरकोळ विक्रेता, मिथ्याछाप, ग्रामीण बाजारपेठ.

प्रस्तावना :
ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात मुरबाड-कर्जत मार्गावर वसलेले म्हसा हे गाव पौष पौर्णिमेस भरणाऱ्या खांबलिंगेश्वराच्या यात्रेसाठी आणि त्या यात्रेतील बैलबाजारासाठी सर्वपरिचित आहे. घोंगड्या, शेतीची अवजारे आणि संसारोपयोगी वस्तू यांची देवघेव येथे पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. अशा गावाच्या संदर्भात पोषणपूरकांच्या कायद्याचा विचार करणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. परंतु शक्तिवर्धक पावडर, ‘ताकदीच्या’ गोळ्या आणि मुलांची उंची वाढविण्याचे आश्वासन देणारे डबे ही आता केवळ शहरी दुकानांची मिरासदारी राहिलेली नाही. मुरबाड व शहापूर तालुक्यांतील महाविद्यालयांत शिकणारा, सकाळी व्यायामशाळेत जाणारा विद्यार्थी हा या मालाचा ग्राहक आहे आणि कित्येकदा ज्याच्या घरी किराणा दुकान आहे असा विद्यार्थी त्याचा विक्रेताही आहे.

या प्रश्नाला आरोग्याची पार्श्वभूमी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि ६ ते ५९ महिने वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. चौथ्या फेरीत (२०१५-१६) स्त्रियांमधील हे प्रमाण ४८ टक्के होते. जेथे पोषणाची उणीव खरी असते, तेथे ‘पोषण’ हा शब्द छापलेला डबा लवकर विकला जातो. त्यामुळे त्या डब्यावरील मजकूर खरा आहे की नाही, आणि तो खोटा निघाल्यास उत्तरदायी कोण, हे प्रश्न ग्रामीण भागात अधिक गंभीर ठरतात.

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो अधिनियम, विनियम आणि न्यायनिर्णय यांच्या अभ्यासावर आधारलेला आहे.

पोषणपूरकाची कायदेशीर संकल्पना :
अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाच्या कलम २२ मध्ये विशेष आहारासाठीचे अन्न, आरोग्यपूरके व न्यूट्रास्युटिकल्स यांचा समावेश आहे. ही उत्पादने पावडर, गोळी, कॅप्सूल अथवा द्रव या रूपांत असू शकतात. मात्र एखादा विशिष्ट रोग बरा करण्याचा दावा त्यांना करता येत नाही. तसा दावा झाला की वस्तू अन्नाच्या क्षेत्रातून बाहेर पडून औषधाच्या क्षेत्रात प्रवेश करते.

हा भेद विक्रेत्याच्या दृष्टीने निर्णायक आहे. औषध व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० नुसार ॲलोपॅथिक औषधांच्या विक्रीसाठी परवाना लागतो. आयुर्वेदिक औषधांच्या उत्पादनास परवाना आवश्यक असला तरी त्यांच्या किरकोळ विक्रीस तशा विक्री परवान्याची अट नाही. पोषणपूरक हे अन्न असल्यामुळे त्यासाठी अन्न व्यवसायाची नोंदणी किंवा परवाना लागतो. याचा अर्थ असा की, एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन डब्यांना तीन वेगवेगळ्या व्यवस्था लागू होऊ शकतात. बाहेरून मात्र ते तिन्ही सारखेच दिसतात.

नियमनाची वाटचाल :
२०११ पर्यंत या क्षेत्रात मुख्यतः अन्न भेसळ प्रतिबंधक अधिनियम, १९५४ चा अंमल होता. भेसळ रोखणे हा त्याचा हेतू होता. पोषणपूरकांसाठी स्वतंत्र वर्ग त्यात नव्हता. २००६ चा अधिनियम ५ ऑगस्ट २०११ पासून पूर्णतः अंमलात आला आणि त्यासोबत परवाना व नोंदणीचे विनियम लागू झाले.

या संक्रमणकाळातील सर्वांत महत्त्वाचा वाद महाराष्ट्रात उभा राहिला. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ११ मे २०१३ च्या सूचनापत्राद्वारे, ज्यांची मानके निश्चित झालेली नाहीत अशा उत्पादनांना पूर्वमान्यता घेणे बंधनकारक केले. यास व्हायटल न्यूट्रास्युटिकल्स या कंपनीने व अन्य अर्जदारांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ३० जून २०१४ रोजी न्यायालयाने, अशा सूचनापत्रास कायद्याचे बल नाही, असा निर्णय दिला. विनियम करावयाचे तर अधिनियमात सांगितलेल्या पद्धतीने व संसदेसमोर ठेवूनच ते करावे लागतात, हे त्यामागील तत्त्व होते. १९ ऑगस्ट २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राधिकरणाचे अपील फेटाळले आणि त्याच महिन्यात पूर्वमान्यतेची पद्धत मागे घेण्यात आली.

त्यानंतर विधिवत विनियम तयार झाले. आरोग्यपूरके व न्यूट्रास्युटिकल्स यांविषयीचे विनियम डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध होऊन १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. पुढे या विनियमांची फेररचना होऊन २०२२ चे विनियम आले. २०१६ च्या विनियमांनी पोषकद्रव्यांच्या प्रमाणास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने शिफारस केलेल्या दैनंदिन मात्रेची मर्यादा घातली आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा आशयाची सूचना लेबलवर छापणे आवश्यक केले. जाहिराती व दावे यांविषयीचे स्वतंत्र विनियम २०१८ साली करण्यात आले.

या वाटचालीतून एक गोष्ट लक्षात येते. न्यायालयात जाऊन नियमाची वैधता तपासून घेणे उत्पादकांना शक्य झाले, कारण त्यांच्यापाशी वकील, संघटना व साधने होती. साखळीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या दुकानदारापाशी यांपैकी काहीही नसते. नियम बदलल्याची वार्ताही त्याला बहुधा घाऊक व्यापाऱ्याकडूनच कळते.

किरकोळ विक्रेत्याची जबाबदारी :
अधिनियमाच्या कलम ३१(२) नुसार छोटा किरकोळ विक्रेता, फेरीवाला, फिरता विक्रेता व तात्पुरते दुकान लावणारा यांना परवान्यातून सूट असली तरी नोंदणी आवश्यक आहे. २०११ च्या मूळ विनियमांनुसार १२ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असणारा व्यावसायिक या वर्गात येत होता आणि नोंदणीचे वार्षिक शुल्क १०० रुपये होते. म्हसा यात्रेत चार दिवसांसाठी पाल ठोकून बसणारा विक्रेताही याच वर्गात मोडतो. शुल्क अल्प असल्यामुळे नोंदणी हा फार मोठा अडसर म्हणता येणार नाही.

खरा भार कलम २७ मध्ये आहे. मुदत संपलेला माल विकणे, अस्वच्छ स्थितीत माल ठेवणे, मिथ्याछाप माल विकणे, तसेच माल ज्याच्याकडून घेतला तो उत्पादक किंवा वितरक दाखविता न येणे, या सर्व बाबतींत विक्रेता उत्तरदायी ठरतो. मिथ्याछाप म्हणजे ज्याचे लेबल खोटे, दिशाभूल करणारे अथवा अपुरे आहे असा माल. कलम ५२ नुसार अशा मालाच्या विक्रीबद्दल ३ लाख रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. मागितलेल्या स्वरूपाचा किंवा दर्जाचा माल न दिल्याबद्दलच्या कलम ५० मध्ये छोट्या विक्रेत्यांसाठी २५,००० रुपयांची कमाल मर्यादा स्पष्टपणे घातलेली आहे. कलम ५२ मध्ये तसे परंतुक नाही. शास्ती ठरविताना झालेला लाभ, हानी, पुनरावृत्ती व जाणीव यांचा विचार करावा, असे कलम ४९ सांगते. परंतु तो विचार न्यायनिर्णय अधिकाऱ्याच्या विवेकावर अवलंबून राहतो.

लेबल छापतो उत्पादक, परंतु त्यासाठी प्रथम हाताशी लागतो तो दुकानदार. आणि लेबल चुकीचे असण्याची शक्यता काल्पनिक नाही. एप्रिल २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिनपूरकांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी २५ उत्पादनांत लेबलवरील प्रथिनांची माहिती प्रत्यक्ष प्रमाणाशी जुळत नव्हती. ही तफावत प्रयोगशाळेतच कळू शकते. दुकानदाराने डबा हातात घेऊन कितीही निरखला तरी ती त्याला दिसणार नाही.

पक्क्या बिलाचे महत्त्व :
कायद्याने विक्रेत्याला अगदीच निराधार ठेवलेले नाही. कलम २६(४) नुसार विक्रेत्यास माल देणाऱ्याने त्या मालाच्या स्वरूपाविषयी व दर्जाविषयी लेखी हमी देणे आवश्यक आहे आणि बिल अथवा बीजक हीच अशी हमी मानली जाते. कलम ८० नुसार, आपण योग्य ती दक्षता घेतली होती, पुरवठादाराच्या तपासणीवर विसंबणे वाजवी होते आणि दोषाची शंका येण्यास कारण नव्हते, असे सिद्ध केल्यास विक्रेत्यास बचाव मिळू शकतो. १ जानेवारी २०२२ पासून अन्न व्यवसायाच्या बिलावर १४ अंकी नोंदणी किंवा परवाना क्रमांक नमूद करणेही आवश्यक करण्यात आले आहे.

समजा, म्हसा येथील एखाद्या दुकानदाराने कल्याणच्या घाऊक बाजारातून प्रोटीन पावडरीचे सहा डबे आणले. पक्के बिल घेतले असेल, तर चौकशीच्या वेळी तो पुरवठादाराकडे बोट दाखवू शकतो आणि चौकशी साखळीत वर सरकते. कच्च्या चिठ्ठीवर, किंवा दारात येणाऱ्या गाडीवाल्याकडून रोखीने माल घेतला असेल, तर पुरवठादार सिद्धच होत नाही आणि चौकशी त्याच्यापाशी येऊन थांबते. कच्च्या चिठ्ठीवर डब्यामागे वाचलेले थोडे पैसे येथे फार महाग पडतात. म्हणूनच लहान विक्रेत्याच्या दृष्टीने बिल हा केवळ हिशेबाचा कागद नसून बचावाचा पुरावा आहे.

लेबलची भाषा :
अन्नपदार्थाच्या लेबलवरील अनिवार्य मजकूर इंग्रजीत अथवा देवनागरी लिपीतील हिंदीत असावा, अशी तरतूद आहे. अन्य भाषा जादा म्हणून वापरता येते, परंतु ती बंधनकारक नाही. परिणामी, दैनंदिन मात्रेहून अधिक सेवन करू नये, हे उत्पादन संतुलित आहाराला पर्याय नाही, ते औषध नाही, या सूचना ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्यापर्यंत त्या पोहोचत नाहीत. लेबल वाचता न आलेला ग्राहक दुकानदारालाच विचारतो आणि दुकानदार बहुधा घाऊक व्यापाऱ्याचे अथवा जाहिरातीचे शब्द पुन्हा सांगतो. ‘याने रक्त वाढते’ हे त्याचे एक वाक्य अन्नाला औषधाचा दावा चिकटविते, याची त्याला जाणीव नसते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कलम ५३ मध्ये १० लाख रुपयांपर्यंत शास्ती आहे. दुकानाबाहेर लावलेल्या हाताने लिहिलेल्या फलकाबाबतही म्हणूनच सावधगिरी आवश्यक आहे.

हीच अडचण घरोघरी पूरके विकणाऱ्या थेट विक्री प्रतिनिधींच्या बाबतीत दिसते. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ नुसार प्रतिनिधीशी लेखी करार असणे, त्याने ओळखपत्र बाळगणे व पूर्वपरवानगीनेच भेट देणे आवश्यक आहे. गावात मात्र ही विक्री नात्यागोत्यातून होते. जेथे विकणारी मावशी किंवा वहिनी असते, तेथे ओळखपत्र कोण मागणार?

अन्न की औषध :
पोषणपूरके अन्न म्हणून राहावीत की त्यांतील काही औषध नियंत्रणाखाली आणावीत, याचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२४ साली समिती नेमली. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार आहारपूरकांना बाजारपूर्व मान्यता लागत नाही. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशाद्वारे त्यांना अन्नाच्याच चौकटीत ठेवले. भारतात ती औषध ठरल्यास गुणवत्तेवरील नियंत्रण वाढेल, हे खरे. परंतु किराणा दुकानदार या व्यापारातून बाहेर पडेल आणि विक्री औषधी दुकानांपुरती मर्यादित होईल. या दोन्ही परिणामांची तुलना होणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :
१. छोट्या विक्रेत्यासाठी नोंदणीची अट जाचक नाही. मिथ्याछाप मालाची जबाबदारी मात्र त्याच्या ऐपतीच्या मानाने मोठी आहे.
२. दोष उत्पादनाच्या टप्प्यावर निर्माण होतो, पण पक्के बिल नसल्यास त्याचे उत्तरदायित्व विक्रीच्या टप्प्यावर अडकून पडते.
३. लेबलवर मराठी बंधनकारक नसल्यामुळे ग्राहक व विक्रेता दोघेही कायद्याने देऊ केलेल्या माहितीपासून वंचित राहतात.

सूचना :
महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पोषणपूरकांवरील किमान इशाऱ्याचा मजकूर मराठीत असावा. मिथ्याछापाच्या शास्तीबाबत छोट्या विक्रेत्यांसाठी कलम ५० प्रमाणे स्वतंत्र मर्यादा असावी. म्हसा यात्रेसारख्या प्रसंगी अन्न व औषध प्रशासनाने तपासणीसोबतच नोंदणीची व माहितीची व्यवस्था ठेवावी. महाविद्यालयांनाही येथे काम आहे. वाणिज्य विभागाचे विद्यार्थी दुकानदारांना बिले जपण्याची पद्धत समजावून देऊ शकतात, तर राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात लेबल वाचनाचे प्रात्यक्षिक घेता येईल. रक्तक्षयासाठी लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात, ही माहिती त्याच शिबिरात दिल्यास अनेक कुटुंबांचा नाहक खर्च वाचेल.

समारोप :
कायद्याचा उद्देश ग्राहकाला सुरक्षित अन्न मिळावे हा आहे आणि त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु नियमनाचे यश किती दुकानांवर कारवाई झाली यावरून मोजता येणार नाही. म्हशाच्या दुकानदाराला आपण विकतो तो डबा वाचता यावा आणि तो कोणाकडून घेतला हे कागदावर दाखविता यावे, एवढे साधले तरी दोषी उत्पादकापर्यंत पोहोचण्याचा मार्ग मोकळा होईल.