सूत्रातली देवनागरी

मराठी बीजगणिताच्या एका जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती नुकतीच हातात पडली. मजकूर युनिकोडमध्ये, वळणदार फॉन्टात. पण समीकरणांतले क्ष आणि य गेले, एक्स आणि वाय आले. अपूर्णांक तर चित्रं करून चिकटवलेले, ओळीच्या जरा खाली घसरलेले. विचारलं तर उत्तर आलं, ‘‘अहो, सॉफ्टवेअर घेत नाही.’’ हे उत्तर मला नवं नाही, म्हणूनच ते जास्त लागलं.

खिळ्यांच्या छपाईचा काळ मी भरभर ओलांडतो. आपल्याच ग्रंथाची विद्रूप प्रुफं पाहून संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड क्नुथ यांनी १९७७ साली ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली उभारायला घेतली, ही कथा गणितवाल्यांना पाठ आहे. फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१मध्ये टेकसाठी देवनागरीची सोय केली. पण मी पाहिलेल्या डीटीपीच्या दुकानांत टेक कधी पोचलंच नाही. तिथे पानं लावायला पेजमेकर होता.

साधारण १९९५ ते २००५ हे दशक मी त्या दुकानांत प्रुफं तपासण्यात घालवलं. मराठी फॉन्टात जेमतेम २५६ जागा. त्यांत अर्धी अक्षरं, मात्रा, रफार, जोडाक्षरं सगळं बसवायचं. इंग्रजी अक्षरांच्या जागा तर त्यांनी घेतल्याच, काही फॉन्टांत अधिक आणि बरोबर या चिन्हांच्याही घेतल्या. ‘क्ष वर्ग उणे चार’ लिहायचं तर ऑपरेटर आधी क्ष उमटवायचा, दोनचा आकडा निवडून वर चढवायचा, फॉन्ट बदलून उणे चिन्ह आणायचा आणि पुन्हा मराठीत यायचा. वर्गमूळ आलं की चिन्ह सिम्बॉल फॉन्टातलं, त्यापुढची आडवी रेघ हाताने ओढलेली. अक्षराचा आकार बदलला की रेघ तिथेच, आकडे भलतीकडे. फाइल दुसऱ्या छापखान्यात उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर पानभर निरर्थक अक्षरं.

तरी त्या पानांवरचं सूत्र मराठी होतं. क्ष, य, देवनागरी आकडे, ‘म.सा.वि.’, सगळं एका वळणाचं. ती पानं लावणाऱ्या ऑपरेटरांतल्या बहुतेकांनी दहावीनंतर गणित पाहिलेलं नव्हतं, पण उणे चिन्ह लांब आणि संयोगचिन्ह आखूड, हे त्यांची नजर चुकवत नसे. आज छापील प्रश्नपत्रिकांतही उण्याच्या जागी आखूड रेघ दिसते आणि घातांक खाली उतरून शेजारच्या आकड्यात मिसळतो. त्या माणसांच्या कसबाची कुणी दखल घेतली नाही, याचा मला अजून राग येतो.

त्याच काळात ‘मराठीत गणित नीट दिसत नाही, चिन्हं तरी इंग्रजी घ्या’ असं म्हणणारे जाणकारही भेटत. यंत्राची अडचण त्यांनी भाषेच्या माथी मारली. बाराव्या शतकात भास्कराचार्य यावत्तावत्, कालक, नीलक यांची आद्याक्षरं अव्यक्त राशींसाठी वापरत होते. अक्षरांनी बीजगणित मांडणं आपल्याला कुणाकडून उसनं आणायचं नव्हतं.

युनिकोड आलं, मजकूर सुटला, सूत्र मात्र अडकून राहिलं. २००१च्या युनिकोड ३.१मध्ये गणितासाठी रोमन आणि ग्रीक अक्षरांचा ठळक, तिरपा असा स्वतंत्र संच आला. २०१२च्या ६.१मध्ये अरबीलाही तसा संच मिळाला. देवनागरीला मिळाला नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७बरोबर आलेल्या ‘कॅम्ब्रिया मॅथ’ या सूत्रांच्या फॉन्टातही देवनागरी अक्षरं नाहीत. जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर साध्या मजकुरावर चालवले, तर सूत्रांतली रोमन अक्षरंही मराठीचे तुकडे समजून बदलून टाकतात. त्यात वर्डमधला जुना इक्वेशन एडिटर सुरक्षेतल्या त्रुटीमुळे जानेवारी २०१८मध्ये काढला गेला. त्यात लिहिलेली सूत्रं दिसत राहिली, पण दुरुस्त करायची सोय गेली.

अरबीला तो संच मिळाला, कारण कुणीतरी बसून चिन्हांची यादी केली, प्रस्ताव लिहिला. पाठ्यपुस्तकं काढणारी बालभारती आणि संगणकावर भारतीय भाषांचं काम करणारं सी-डॅक, दोघांची मुख्यालयं पुण्यात आहेत. शालेय गणिताला लागणाऱ्या देवनागरी अक्षरांची आणि चिन्हांची यादी त्यांनी एकत्र करावी, सूत्रांसाठी एक मोफत फॉन्ट घडवून घ्यावा. आणि ज्यांनी ती जुनी पानं लावली, ते ऑपरेटर अजून कामं करताहेत. त्यांना या कामात सन्मानाने आणि मानधन देऊन बोलवावं.