आधी मुरवायचं की आधी शिजवायचं?

उत्तन, डोंगरी, पाली, चौक. मीरा-भाईंदरच्या या समुद्राकडच्या टोकाला ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत नाताळाला किंवा लग्नाला डुकराच्या मटणाचं इंद्याल रांधलं जातं. सुकी लाल मिरची, लसूण, जिरं व्हिनेगरमध्ये वाटायचं, ते वाटण कच्च्या मटणाला चोळून मुरत ठेवायचं आणि मग मंद आचेवर शिजवायचं. जपानी ‘चाशू’ची रीत नेमकी उलटी. पोटाकडचा चरबीदार तुकडा गुंडाळून दोऱ्याने बांधतात, आधी मऊ शिजवतात आणि मग सोया सॉसच्या गोडसर रसात रात्रभर मुरवतात. रामेन या नूडल्सच्या सूपच्या वाडग्यात वर ठेवलेल्या गोल चकत्या त्याच. क्रम उलटा असूनही दोन्ही पदार्थ जमतात, कारण मऊ होणं आणि मुरणं ही दोन वेगळी कामं आहेत.

मऊ करण्याचं काम उष्णतेचं. मटणात स्नायूंचे धागे असतात आणि त्यांना बांधून ठेवणारं कोलॅजन असतं. कोलॅजनचा रेणू म्हणजे तीन पदरी घट्ट वेणी. ५० अंश सेल्सिअसच्या आसपास स्नायूंमधलं मायोसिन हे प्रथिन आकसू लागतं, ६५ च्या पुढे ॲक्टिनही. धागे आवळले जातात, पाणी बाहेर पडतं आणि मटण चिवट होतं. अनेकांचा धीर इथेच सुटतो. पण ६० ते ६५ अंशांपासून ही वेणीही सुटायला लागलेली असते. ७०-८० अंशांपुढे तिच्या सुटण्याला वेग येतो आणि दोनेक तासांत कोलॅजनचं जिलेटिन होतं. गेलेलं पाणी परत येत नाही, पण जिलेटिन आणि वितळलेली चरबी धाग्यांमध्ये पसरते आणि घास रसाळ लागतो. कोलॅजन आणि चरबी दोन्ही कमी असलेला कमरेचा तुकडा कितीही शिजवा, कोरडाच राहणार.

व्हिनेगर मात्र कच्च्या मटणावरच मोठं काम करतं. मटणाचा सामू साधारण ५.५ असतो, आणि ५.२ च्या आसपास स्नायूंमधली प्रथिनं सर्वांत कमी पाणी धरतात. आम्लामुळे सामू त्याच्याही बराच खाली उतरला की प्रथिनांवर सारखाच विद्युतभार वाढतो, ती एकमेकांना दूर लोटतात, फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. कोलॅजनही सैल पडतं. शिवाय आम्लात जंतूंची वाढ मंदावते. फ्रिज नसलेल्या काळात, खाडीकाठच्या दमट हवेत या गुणाचं मोल फार मोठं होतं.

सोया सॉसचा भर चवीवर. टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेडा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या कढणातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. सोया सॉसमध्ये ते भरपूर असतं, आणि मटणात असतं इनोसिनेट. हे दोघं एकत्र आले की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढते. पण आत शिरताना रेणूंना घाई करता येत नाही. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. म्हणून चाशूची चकती कापली की कडेला तपकिरी कंकण दिसतं आणि मधला भाग फिकट राहतो. इंद्यालाचे तुकडे लहान असतात, तिथे ही अडचण येत नाही. निवताना चव आत शिरते, असं जपानी स्वयंपाकात मानतात. खरं तर गरम असताना रेणू जास्त वेगाने सरकतात. निवताना मिळतो तो निवांत वेळ, आणि मटणही तेव्हा रस बाहेर टाकत नसतं.

इंद्यालाचं व्हिनेगर-लसूण पोर्तुगीजांकडून आलं. वसई १५३४ मध्ये त्यांच्याकडे गेली, डोंगरीचं चर्च १६१३ चं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तरी पदार्थ इथेच राहिला. पोर्तुगीज जहाजं १५७१ पासून नागासाकीलाही जात होती, पण जपानी शिजवलेल्या डुकराच्या मटणाचं मूळ पोर्तुगीज नाही, चिनी आहे.

मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये चाशू करायला काही अडत नाही. आलं आणि कांद्याची पात घातलेल्या पाण्यात मटण दोन तास मंद उकळवा. मग सोया सॉस, साखर आणि त्याच कढणाचा थोडा भाग एकत्र उकळून त्यात बुडवा. मिरिन ही गोड जपानी तांदळाची दारू मिळाली तर उत्तम, नाही तर साखर थोडी वाढवा. सोया सॉस सुरुवातीपासून घालू नका, रस आटतो तसा खारटपणा चढत जातो. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, वेळ निम्म्याहून कमी लागतो, पण वाफ आपोआप उतरू द्या. एकदम सोडली तर आतलं पाणी उसळून उकळतं आणि धागे फाटतात.

मुरवायचं ते फ्रिजमध्येच. उकळूनही टिकणारे क्लॉस्ट्रिडियम जंतूंचे बीजाणू ४०-४५ अंशांच्या कोमट रसात झपाट्याने वाढतात. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. पट्टकृमीची भीती मात्र इतक्या शिजवण्यानंतर उरत नाही. मेंदूत गाठी होण्याचा जो आजार लोक डुकराच्या मटणाशी जोडतात, तो कृमीच्या अंड्यांमुळे होतो. ती माणसाच्या विष्ठेने दूषित भाजी-पाण्यातून पोटात जातात, त्यामुळे तो कधीही मांस न खाणाऱ्यालाही होऊ शकतो. भाज्या नीट धुणं आणि हात स्वच्छ ठेवणं हाच त्यावरचा उपाय.

दुसऱ्या दिवशी मटण गारच कापा. जिलेटिन आणि चरबी थिजलेली असते, चकत्या पातळ निघतात. मग तव्यावर क्षणभर परता. साखर आणि प्रथिनांची मेलार्ड अभिक्रिया होऊन कडा खरपूस होतात. उरलेला रस पुन्हा उकळून, निववून त्यात सोललेली उकडलेली अंडी घाला आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी पांढऱ्या बलकाला बदामी रंग चढलेला असेल.