छापील किंमत आणि कोपऱ्यावरचे दुकान

मिक्सर घ्यावयाचा म्हणून आपण दुकानात जातो, दोन-चार फिरवून पाहतो, आणि तेथेच उभ्या उभ्या तोच मिक्सर मोबाइलवर स्वस्त सापडतो. मग वाटते, हा दुकानदार आपल्याला लुबाडतो आहे! वस्तुतः खोक्यावरची किंमत ही केवळ कमाल मर्यादा होय. २०११ सालचे वैध मापन नियम तिच्यापेक्षा अधिक घेण्यास मनाई करतात, कमी घेण्यास नव्हे. तेव्हा दुकानदाराला खाली उतरता येते का, हाच खरा प्रश्न. त्याचा माल वितरकाकडून चार-सहा नगांनी येतो. गाळ्याचे भाडे, विजेचे बिल, नोकराचा पगार त्यातूनच निघायचा. ऑनलाइन विक्रेता एकाच गोदामातून हजारो नग काढतो. परकीय भांडवलाच्या ऑनलाइन बाजारपेठांनी विक्रीच्या किमतींवर प्रभाव पाडू नये, असे केंद्र सरकारने २०१६ मध्ये ठरविले. १ फेब्रुवारी २०१९ पासून नियम अधिक कडक केले. सेल मात्र चालूच आहेत, आणि आम्हीही त्यांचे गिऱ्हाईक आहोत. आमचा मिक्सर बंद पडला तेव्हा आम्ही तो कोपऱ्यावरच्या दुकानातच नेला. त्याने विचारले, "आमच्याकडूनच घेतला होता ना?"