धागा आणि माणसं (भाग ९) : खेचरावर चढणारा माग

गेल्या आठवड्यात आपण चरख्यापाशी थांबलो होतो. चरखा बसून चालवायचा. त्याला घर लागतं, निदान ओटा तरी. कुर्द बायकांच्या सूतकताईला एवढंही लागत नसे. एक काडी, दोन हात आणि एक मांडी, की झालं काम. या काडीला म्हणतात तेशी. तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरिया अशा चार देशांत विभागलेल्या कुर्दांच्या बोली एकमेकींपासून बऱ्याच लांब गेल्या आहेत, पण तेशी हा शब्द कुर्मांजीतही आहे आणि सोरानीतही.

आपली शाळेतली टकळी आठवा आणि ती उलटी धरा. टकळीची चकती खाली असते. तेशीचं वजन वरच्या टोकाला, लाकडाच्या अर्धगोल बोंडात. त्याच्या माथ्यावर धागा अडकवायला छोटा आकडा. काडी मांडीवर ठेवायची, तळहाताने सर्रकन लाटायची आणि हवेत सोडून द्यायची. बोंडाच्या वजनामुळे गिरकी बराच वेळ टिकते, आणि तेवढ्या वेळात दोन्ही हात लोकर ओढून बारीक करायला मोकळे राहतात. लोकरीच्या तंतूला मुळातच कुरळेपणा आणि सूक्ष्म खवले असतात, त्यामुळे पीळ बसला की तंतू एकमेकांना धरून ठेवतात. बोंड जड असेल तर धागा जाड ठेवावा लागतो, नाहीतर तुटतो. बारीक सूत हवं असेल तर तेशीच हलकी घ्यायची. हे सगळं चालता चालता, शेळ्यामेंढ्यांच्या मागे, चढावरसुद्धा जमतं. तोंडाची टकळी चालू ठेवूनही जमतं, हे सांगायला नकोच.

इराकी कुर्दिस्तानात चमचमाल गावाजवळ जारमो नावाचं प्राचीन वस्तीचं टेकाड आहे. रॉबर्ट ब्रेडवुड यांनी १९४८ पासून तिथे उत्खनन केलं. तिथल्या मातीवर कापडाचे ठसे उमटलेले सापडले, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचे. त्या माणसांना कुर्द म्हणण्यात अर्थ नाही. तेव्हा आजच्या कुठल्याच जमातीचं नाव जन्मलेलं नव्हतं. पण याच डोंगरांच्या पायथ्याशी धाग्यात धागा अडकवायचं काम किती जुनं आहे, ते त्या ठशांवरून कळतं.

आता माग. कुर्मांजीत त्याला तेव्न म्हणतात. जाफसारख्या भटक्या टोळ्या हिवाळ्यात गरमियानात, म्हणजे सखल उबदार मुलखात, आणि उन्हाळ्यात झाग्रोसच्या कुरणांवर जात. तिथे चौकटीचा उभा माग कोण वाहून नेणार? म्हणून माग जमिनीवर आडवा. चार खुंट्या ठोकायच्या, दोन्ही टोकांना दोन दांडे बांधायचे आणि त्यांच्यामध्ये ताणा ताणायचा. मध्ये तीन काठ्यांची तिपाई, तिला एक आडवी काठी टांगलेली. या काठीच्या दोऱ्यांच्या फासांत ताण्याचा एक सोडून एक धागा उचलून धरलेला असतो. बाकीचे धागे कधी खाली दाबायचे, कधी वर आणायचे. दर वेळी जी फट पडते तिच्यातून आडवा धागा सरकवायचा आणि लाकडी पट्टीने ठोकायचा. विणणारी बाई बसते विणून झालेल्या भागावरच. कापड वाढतं तशी ती पुढे सरकते आणि तिपाईही पुढे सरकवते.

निघायची वेळ आली की खुंट्या उपटायच्या, अर्धवट कापडासकट सगळा माग दांड्याभोवती गुंडाळायचा आणि खेचरावर लादायचा. पुढच्या मुक्कामी तीच ओळ पुढे चालू. मात्र ताण पुन्हा हुबेहूब तसाच बसत नाही. जुन्या भटक्या विणकामात मध्येच रुंदी कमीजास्त झालेली दिसते, कड वाकडी गेलेली दिसते. दुकानदार त्याला दोष म्हणतात. मला तिथे मुक्काम हललेला दिसतो.

याच मागावर शेळीच्या केसांच्या पट्ट्या विणून, शिवून काळा तंबू होई. सोरानीत त्याला रशमाल म्हणतात: रश म्हणजे काळा, माल म्हणजे घर. पावसात केस फुगतात आणि विणीतल्या फटी बुजतात.

उभ्या-आडव्या धाग्यांच्या जोडीला सोरानीत ‘तान ऊ पो’ म्हणतात. यातला तान आपल्या ताण्याचा जवळचा नातलग, दोघांच्या मुळाशी ‘तन्’, म्हणजे ताणणे. इराण-इराक सीमेवरच्या हवरामानच्या डोंगरात विणकराला जोला म्हणतात. फारसीत जुलाह, हिंदीत तोच जुलाहा झाला.

हा जोला मात्र भटका नाही. तो गावात राहणारा पुरुष, आणि त्याचा माग खड्ड्यातला: पाय खाली खड्ड्यात, पावड्यांवर. आपल्याकडचे घोंगडीवाले सनगर त्याच्याशेजारी बसले तर त्यांना नवखं वाटणार नाही. मरेज जातीच्या शेळीच्या मऊ केसांपासून तो अरुंद पट्टा विणतो. असे पट्टे जोडून पुरुषांचा चोखा आणि रानक, म्हणजे अंगरखा आणि सैल विजार, शिवतात.

एकदा मुक्काम पक्का झाला की हत्यारांचं वजन वाढू लागतं. इराणच्या कुर्दिस्तान प्रांतातल्या बिजारला ते टोकाला गेलं. तिथे उभ्या मागावर गालिचा विणताना गाठींच्या ओळींमधला जाड आडवा धागा ओला करून घालतात आणि लोखंडी अवजाराने ठोकून ठोकून दाबतात. वीण इतकी घट्ट होते की गालिच्याची घडी घालत नाहीत, तो गुंडाळूनच ठेवतात. घडी घातली तर तडकायची भीती. ‘इराणचा लोखंडी गालिचा’ ही त्याची ख्याती. जाता जाता एक गंमत: गालिच्यांच्या जगात एका असमान गाठीला ‘सेन्ने’ म्हणतात, याच प्रांतातल्या सनंदज शहराच्या जुन्या नावावरून. खुद्द सनंदजचे विणकर मात्र दुसरीच, समान गाठ मारतात.

अर्बिलच्या जुन्या किल्ल्यात कुर्दी वस्त्रांचं एक संग्रहालय आहे. तिथे भटक्यांची विणकामं भिंतींवर ताणून लावली आहेत. त्यांतला लाल रंग अजून उठून दिसतो. तो मंजिष्ठेच्या मुळांतून कसा काढतात, ते पुढच्या आठवड्यात.