मातीच्या भिंतींची चिकटचित्रे

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे गाव तलावामुळे परिचित आहे. या भागातील कवेलूंच्या छपरांच्या मातीच्या घरांकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सणापूर्वी भिंती छुई मातीने पोतारल्या की जुनी नक्षी लेपाखाली जाते. घरच उतरविले तर ती कायमची नष्ट होते. शाळेतील मुलांकडून या भिंतींची नोंद करून घेण्यास चिकटचित्र, म्हणजेच कोलाज, हे उत्तम साधन होय. पिकासो व ब्राक यांनी १९१२ साली ज्या तंत्राला चित्रकलेत स्थान मिळवून दिले, त्यास रद्दी कागद, पुठ्ठा व मैद्याची खळ एवढेच साहित्य लागते. बाजारातील चकचकीत कागद न आणलेलाच बरा.

प्रथम घरासमोर बसून साधे रेखाटन करावे. मग आकाश, भिंत असे मोठे भाग आधी चिकटवावेत. भिंतीचा कागद कात्रीने कापू नये, हाताने फाडावा. त्याची तंतुमय कड मातीच्या कडेशी जुळते. कवेलूंच्या पट्ट्या खालच्या ओळीपासून वर चढवीत न्याव्यात, छप्पर शाकारताना करतात तशाच. कुडासाठी धानाचे तणस चालते. खळ बेताचीच लावावी, ओलाव्याने पुठ्ठा वाकतो.

चित्रामागे गाव, टोला व तारीख लिहावी. नक्षी काढणाऱ्या बाईचे नावही तिला विचारून नोंदवावे, कारण मूळ कृती तिची आहे. घरकुलासाठी जुने घर उतरणार असेल, तर ग्रामपंचायतीने आठवडाभर आधी शाळेस कळवावे.